गिर्ये गावची गोदी

आम्ही इंदूरकर पाण्याच्या बाबतीत तसे गरीबच. कान्ह आणि सरस्वती या आमच्या नद्यांबद्दल न बोललेले बरे, आणि नर्मदामाई सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून नळाने घरी येते. समुद्र म्हणजे सुट्टीत मुंबईला मावशीकडे गेल्यावर चौपाटीवर बघायचा, भेळ खायची आणि परत यायचे. त्यामुळे कॉलेजात वर्षानुवर्षे मराठ्यांचा इतिहास शिकवताना आरमाराचे प्रकरण मी एका तासात उरकत असे. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते, तेवढ्यापुरते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मागच्या बाकावरून विचारले, "सर, ये जहाज़ बनते कहाँ थे?" किल्ल्यांची नावे मला घडाघडा येत होती. पण लाकूड कुठे उतरवत, कुठे तासत, फुटलेली जहाजे कुठे नीट करत, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. "अगले हफ़्ते बताऊँगा" म्हणून वेळ मारून नेली. पुस्तके चाळली आणि विजयदुर्गजवळच्या गिर्ये गावच्या गोदीचा उल्लेख सापडला. मग ठरवले, की एकदा डोळ्यांनीच बघून यावे.

अवंतिकेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कणकवली, पुढे तळेऱ्यावरून एस.टी. असा आमचा प्रवास झाला. बरोबर सौ. होत्या. त्यांना देवगडच्या आंब्यांत रस होता, गोदीत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

विजयदुर्ग बघायला पुष्कळ लोक येतात. तिहेरी तटबंदी, तीन बाजूंनी पाणी. किल्ला आहेच तसा देखणा. गोदी मात्र किल्ल्यात नाही. वाघोटन खाडीने दोन-तीन किलोमीटर आत गेले, की दक्षिण काठावर ती लागते. वाटेत भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांना रस्ता विचारला.

"खयसून इलात?" त्यांनी विचारले. इंदूर म्हटल्यावर त्यांनी आम्हा दोघांना नीट न्याहाळले. "आणि गोदीत काय बघतलात? चिखल आसा नुसतो."

खरेच चिखल होता. झाडोऱ्यातून खाली उतरलो, तर समोर गाळाने भरलेला मोठा चौकोन. सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद. काही भाग खडक फोडून केलेला, काही ठिकाणी दगडी बांध. खाडीच्या बाजूला तोंड. ओहोटी लागलेली, खेकडे इकडून तिकडे पळत होते. सौ.ची चप्पल पहिल्याच पावलाला रुतली आणि त्या वर झाडाखाली जाऊन बसल्या.

मी मात्र तासभर तिथेच होतो, कारण बघता बघता त्या चिखलातली युक्ती लक्षात यायला लागली. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती सर्वांत वर येते. त्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे, की ओहोटीबरोबर ते आपोआप खाली बसते. यंत्र नको, पंप नको. मग तळ घासायचा, लाकूड पोखरणाऱ्या किड्याने खाल्लेल्या फळ्या बदलायच्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, वरून राळेचा लेप द्यायचा, आणि पुढच्या उधाणाला जहाज बाहेर. जागाही अशी हेरलेली, की समुद्रावरून येणाऱ्या शत्रूला आधी किल्ल्याच्या तोफांसमोरून जावे लागे. चारशे-पाचशे टनांपर्यंतची जहाजे इथे सामावत असत, असे अभ्यासक सांगतात.

इथे मुख्यतः गुराबा आणि गलबते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, पुढे निमुळती होत गेलेली. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की युरोपियनांची अवजड जहाजे जागच्या जागी डुलत राहत आणि ही गलबते वल्ही मारत त्यांच्या पाठीमागे जाऊन तोफा डागत. मोठ्या जहाजांच्या मानाने ती उथळ पाण्यातही चालत. म्हणजे जहाजाचा घाट या किनाऱ्याने ठरवला होता.

ही विद्या एका दिवसात आलेली नव्हती. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा कामावर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावून काढून नेले. तरी काम थांबले नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आणि त्यांच्या मुलांनी हे आरमार एवढे वाढवले, की विजयदुर्गला इंग्रज दचकून असत.

आणि मग फेब्रुवारी १७५६. वर्गात हा भाग सांगताना माझा आवाज नेहमीच थोडा खाली येतो. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. आसपासच्या मराठा सरदारांनाही त्यांनी सतावले होते, हेही खरे. पण नानासाहेब पेशव्यांनी त्यांचा बंदोबस्त करायला मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. समुद्राकडून अॅडमिरल वॉटसनचा ताफा, बरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. इंग्रजांचा एक जळता गोळा 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले. जहाजे एकमेकांना बांधून ठेवलेली, त्यामुळे आग पसरत गेली आणि किनाऱ्यापर्यंत पोचली. तिथे ज्यांची बांधणी अजून चालू होती, तीही जळाली. ज्या जहाजांना अजून पाणी लागले नव्हते, ती आगीत गेली, हे वाक्य मी त्या चिखलात उभा असताना मनाशी दोनदा म्हटले.

तुळाजी उरलेले आयुष्य कैदेत राहिले. किल्ला इंग्रजांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबरात बाणकोट मिळाल्यावर पेशव्यांना परत दिला. वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे बंगालमध्ये गेले, आणि दुसऱ्या वर्षी प्लासी झाली.

नंतर धुळपांनी विजयदुर्ग सांभाळला. आनंदराव धुळप हे पेशव्यांचे आरमारप्रमुख. गोदीत पुन्हा हातोडे वाजू लागले. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले, म्हणजे अंगात रग शिल्लक होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि गोदीचे काम संपले.

आता याच काळातली मुंबई बघा. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार मुंबईला आला. १७५० च्या सुमारास तिथे कोरडी गोदी तयार झाली, म्हणजे विजयदुर्ग जळण्याच्या आधी फक्त पाच-सहा वर्षे. लाकूड सागवानच, कारागीर आपल्याच किनाऱ्यावरचे. पण लवजीनंतर मुलगे, मग नातू, मग पणतू, असे ते काम एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालले. मालक मात्र कंपनी. एक गव्हर्नर गेला तरी गोदी चालू राहायची. आमच्याकडे सरदार पडला, की त्याची गोदी पडली. सुताराचा हात कुठेच कमी नव्हता, हे माझे मत मी या प्रवासातून घेऊन आलो.

या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडले. ते आजही तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी. ही तारीख वाचली आणि मी चमकलो. कारण पुढच्याच डिसेंबरच्या २१ तारखेला आमच्या शिप्रेकाठी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. मल्हारराव होळकर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांबरोबर वसईच्या वेढ्यात होते. समुद्राकाठी जाऊन लढून आलेले हे घराणे. पण समुद्राकडून आलेली सत्ता शेवटी माळव्याच्या मातीत येऊन भिडली. म्हणजे इंदूरचा आणि समुद्राचा संबंध नाही, असे आता मी म्हणणार नाही.

परतताना ते गृहस्थ पुन्हा भेटले. अंगणात बसवून त्यांनी कोकम सरबत दिले. मुंबईची नौदल गोदी बाहेरून भिंतच दिसते, आत पाऊल टाकायची सोय नाही. इथे कुणीही जावे, हवा तेवढा वेळ बसावे. फक्त तिथे काय होते, हे सांगणारा कुणी भेटेलच असे नाही. सौ.नी आंब्यांची पेटी घेतलीच. परतीच्या गाडीत निम्मा डबा आमच्याकडे वळून वळून बघत होता.

यंदा आरमाराला मी तीन तास दिले. मोबाइलवर काढलेले फोटो मुलांना दाखवले. फोटोंत गवत, गाळ आणि दगडांची एक ओळ, याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे फळ्यावर चौकोन काढून भरती-ओहोटीचा हिशेब समजावून सांगितला. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, दरवाज़ा किस तरफ़ था?"

"खाड़ी की तरफ़," मी म्हटले, आणि खडूने तिथे रेघ पुसून जागा मोकळी केली.