हरिश्चंद्रगडावर नवी पाटी

दोस्तांनो, हरिश्चंद्रगड पाहायचाय? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाचनईहून किंवा जुन्नरकडच्या खिरेश्वरहून वर जाता येतं. चला तर! पण या वेळी सॅकमध्ये एक नव्या जमान्याची पाटी टाकू या. तिचं नाव ई-इंक टॅब्लेट.

हिचा पडदा झगमगत नाही. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येकीत पांढरे-काळे कण. विजेच्या इशाऱ्यानं एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी बसतात. झालं अक्षर तयार! उमटलेलं अक्षर टिकवायला मग वीज लागतच नाही. भर उन्हातही नकाशा कसा कागदावर छापल्यासारखा दिसतो. छोटा कीबोर्ड जोडलात, तर पाण्याचं टाकं, वाटेतली खूण, दिसलेला पक्षी, सगळं तिथंच टाइप करता येतं.

काही पाट्यांत जीपीएसही असतं बरं का! सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत आपली वेळ सांगत फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून आपली जागा कळते. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशा मात्र घरूनच भरून न्यायचा.

पाचनईहून वर आलात, की आधी हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ लागतं. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. गार पाण्यात उभी असलेली मोठी पिंड पाहताना पाटीकडेही बघा. ठिपका गोंधळलेला दिसेल, कारण डोक्यावरच्या खडकातून उपग्रहांचे संदेश आत येत नाहीत.

आता कोकणकडा. आत वळलेला, सरळ तुटलेला! पावसाळ्यात कोकणातून ढग वर चढतात आणि दहा पावलांवरचं दिसेनासं होतं. अशा वेळी ठिपक्यावर विसंबू नका. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा जीपीएस चार-पाच मीटर चुकू शकतं. शाळेच्या मैदानावर पाच मीटर म्हणजे काहीच नाही. इथं मात्र ठिपका जमिनीवर आणि पाऊल हवेत, असं होऊ शकतं. शिवाय या पडद्यावरचं चित्र जरा सावकाश बदलतं. तुम्ही दोन पावलं पुढं गेलेले असता, ठिपका अजून मागंच!

म्हणून धुकं उतरलं, की काठापासून लांब, आहात तिथंच बसा. गावातला वाटाड्या बरोबर घ्या आणि तो ‘थांबा’ म्हणाला, की थांबा. आई-बाबांनो, हे तुम्हालाही बरं का!