सुरगाठ, निरगाठ आणि फौजी बूट

मराठीत गाठीसाठी दोन छान शब्द आहेत. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि सोडवताना नखं दुखतात ती निरगाठ. फौजीला बुटावर सुरगाठच लागते, पण चालताना आपोआप न सुटणारी.

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये उस्तादांनी आधी बूट बांधायला शिकवले, रायफल नंतर हातात दिली. तेव्हा हसू यायचं. पुढे रात्रीच्या मार्चमध्ये कळलं की लेस बांधायला एक जण थांबला की मागचा त्याच्यावर आदळतो आणि पुढचा अंधारात दिसेनासा होतो. एका लेसने सगळी लाईन तुटते.

लेहला असताना आमच्याकडे सांगलीकडचा एक नवा जवान आला. साडेअकरा हजार फुटांवर पहिले सहा दिवस शरीराला सवय होण्यासाठीच असतात. त्या सावकाश चालण्यातही त्याची लेस सुटायची.

"साहेब, लेसच खराब आहे."

"लेस बरी आहे रे. फूल बघ कसं पडलंय."

त्याच्या गाठीच्या दोन्ही पाकळ्या टाचेपासून चवड्याकडे, उभ्या पडल्या होत्या. पहिली अढी आणि वरचं फूल एकाच दिशेने फिरवलं की असंच होतं. उपाय सोपा आहे. फूल नेहमीसारखंच बांधायचं, फक्त पहिली अढी उलट घालायची. उजवी लेस डावीवर घेत असाल तर डावी उजवीवर घ्या. मग फूल बुटावर आडवं बसतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याची लेस जागची हलली नाही.

लेस सुटते कशी, यावर 2017 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास प्रसिद्ध केला. धावताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट हिसका बसतो आणि ती सैल होते. त्यात पाय पुढे-मागे जाताना लेसची मोकळी टोकं चाबकासारखी उडून गाठ ओढतात. एकदा सुटायला लागली की दोन-चार पावलांत खेळ खलास. म्हणून लोंबणारी टोकं आत खोचायची.

थंडीच्या ठिकाणी मात्र लेस सुटेल या भीतीने निरगाठ मारू नये. ओली लेस गोठते, हातमोज्यातल्या बोटांना ती सुटत नाही, आणि भिजलेला मोजा वेळेत बदलता येत नाही. फार आवळलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि हिमदंशाचा धोका वाढतो. बुटात पायाची बोटं हलली पाहिजेत. ती बधिर वाटली तर थांबा, लेस सैल करा. लांबच्या मार्चमध्ये पाय सुजतात, म्हणून पहिल्या हॉल्टला लेस पुन्हा बांधलेली बरी.

आता आपल्यातले बरेच जण पेन्शनीत आहेत. मार्च संपला, पण सकाळचा फेरफटका आहेच, आणि या वयात लोंबत्या लेसवर पाय पडून खुब्याचं हाड मोडलं तर सावरायला महिनोन् महिने लागतात. कंबर वाकत नसेल तर पायरीवर पाय ठेवून बांधा. नातवंडांना शाळेचे बूट घालून देताना त्यांनाही उलटी अढी दाखवा. आणि फाटकाबाहेर पडण्याआधी एकदा खाली बघा. फूल आडवं असेल तर खुशाल चाला.