‘या’ म्हणण्याआधी
क्रीडासंघांची समाजमाध्यम-खाती चालवणाऱ्या तरुणांना अनावृत पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,



तुमची नावे कुणाला ठाऊक नसतात. सामना जिंकताच संघाच्या खात्यावर झळकणारे छायाचित्र, कर्णधाराच्या वाक्याभोवतीची सजावट, पराभवानंतरच्या चार सावध ओळी, हे सगळे तुमच्या हातून होते. मी जनसंपर्क आणि क्रीडासंवाद शिकवतो. तुमच्यापैकी काही जण माझ्या वर्गात बसून गेले आहेत. ४ जून २०२५ या दिवसाबद्दल तुमच्याशी बोलल्याशिवाय मला यापुढे हा विषय शिकवता येणार नाही, म्हणून हे पत्र.

३ जूनच्या रात्री अहमदाबादला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने पंजाब किंग्जला ६ धावांनी हरवले आणि आयपीएलच्या अठराव्या हंगामात पहिल्यांदा चषक उंचावला. कर्नाटक सरकारने उच्च न्यायालयापुढे ठेवलेल्या अहवालानुसार, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून १ मिनिटाने संघाच्या खात्यावरून विजययात्रेची पहिली पोस्ट गेली. मग आणखी पोस्ट आल्या, विराट कोहलीची चित्रफीतही आली. या पोस्ट मिळून ४४ लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या, असे तो अहवाल सांगतो. दुपारी बाराच्या सुमारास वाहतूक पोलिसांनी यात्रा निघणार नसल्याचे जाहीर केले. तरीही ३ वाजून १४ मिनिटांनी संघाच्या खात्यावरून पुन्हा यात्रेची घोषणा झाली. मोफत प्रवेशिका मर्यादित आहेत, हे लोकांना त्या पोस्टमधून कळले. तोवर चिन्नास्वामी स्टेडियमची दारे माणसांनी वेढली होती. आत जागा साधारण ३५ हजारांची. बाहेर तीन ते पाच लाख लोक असावेत, असे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने नंतर नोंदवले. चेंगराचेंगरीत ११ जण गेले. बहुतेक तरुण होते, त्यांत एक शाळकरी मुलगीही होती.

कायद्याने दोष कुणाचा, हे न्यायालये ठरवतील. संघाला जबाबदार धरणाऱ्या न्यायाधिकरणाच्या निष्कर्षाला संघाने आव्हान दिले, आणि पोलीस, क्रिकेट संघटना व सरकार यांनाही आपापली उत्तरे द्यायची आहेत. माझा मुद्दा आपल्या कामापुरता आहे. वर्षानुवर्षे आपण पोस्टचे यश ती किती जणांनी पाहिली आणि किती जणांनी पुढे पाठवली यावर मोजत आलो. आम्ही शिक्षकांनीही तेच मोजमाप शिकवले. पण क्रीडासंघाच्या खात्यावरून ‘या’ असा शब्द जातो तेव्हा माणसे खरोखर निघतात. कुणी अर्धा दिवस रजा टाकतो, कुणी कॉलेज बुडवतो, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन मेट्रो पकडतो. आपल्याकडे लग्नाची अक्षत देणारा यजमान आधी पंगतीचा अंदाज घेतो. आलेला पाहुणा कुठे बसेल, याची चिंता बोलावणाऱ्याने करायची असते. हीच रीत आता तुमच्या कामाचा पहिला नियम व्हायला हवी.

इशारा आपल्याला आधीच मिळाला होता. ४ जुलै २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाची मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. तिचे आमंत्रणही रोहित शर्मा आणि क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे सचिव जय शहा यांनी समाजमाध्यमांवरूनच दिले होते. त्या दिवशी पोलीस बंदोबस्त होता, मिरवणुकीचा मार्ग ठरलेला होता. तरी गर्दी इतकी लोटली की मरीन ड्राइव्हकडे येऊ नका, असे मुंबई पोलिसांना सांगावे लागले आणि काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले. रुग्णवाहिकेला वाट करून देणाऱ्या गर्दीची चित्रफीत आपण कौतुकाने पुढे पाठवली. मुंबई थोडक्यात बचावली होती, हे मात्र कुणी म्हटले नाही.

आता दुर्घटनेनंतरच्या बोलण्याविषयी. १९०६च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. अपघात झाकायचे, ही तेव्हा रेल्वे कंपन्यांची रीत होती. कंपनीचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी बातमीदारांना घटनास्थळी नेले आणि हाती असलेली माहिती लेखी दिली. आपल्या व्यवसायाचा पाया या उघडेपणात आहे. याच्या अगदी उलट उदाहरण १९८९चे. इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूल फुटबॉल संघाचे चाहते चिरडले गेले आणि मृतांची संख्या पुढे ९७ झाली. प्रवेशद्वार उघडण्याचा आदेश पोलिसांचाच होता, पण चाहत्यांनी ते जबरदस्तीने उघडल्याची खोटी माहिती अधिकाऱ्याने त्याच दुपारी दिली. वृत्तपत्रांनी मृतांनाच आरोपी केले. चाहत्यांचा दोष नव्हता, हे चौकशीतील ज्यूरीने २०१६मध्ये सांगितले. तोवर सत्तावीस वर्षे आईबाप मुलांच्या नावावरचा डाग पुसत होते. पहिल्या तासात बोललेले खोटे इतके दिवस टिकते.

बंगळुरूच्या संघाने त्याच संध्याकाळी शोक व्यक्त केला आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये जाहीर केले. नंतर खाते जवळपास तीन महिने शांत राहिले. ऑगस्टअखेर ते पुन्हा बोलू लागले आणि मदत २५ लाखांवर गेली. त्या शांततेमागे दुःख होते, हे मी मानतो. मदतीचेही मोल आहे. पण पोलिसांनी ‘यात्रा नाही’ म्हटल्यावरही दुपारची ती पोस्ट कुणाच्या सांगण्यावरून गेली, याचे साधे, सरळ उत्तर चाहत्यांना संघाच्याच खात्यावरून मिळायला हवे होते. ज्या खात्याने बोलावले, त्यानेच सांगायला हवे होते.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. पोलिसांची लेखी परवानगी समोर नसेल, तर लोकांना एकत्र बोलावणारी पोस्ट टाकू नका. दार कोणते, जागा किती, प्रवेशिका लागते की नाही, हे पहिल्याच पोस्टमध्ये, स्थानिक भाषेत लिहा. जागा भरली की ‘आता येऊ नका’ हे तितक्याच ठळकपणे सांगा आणि ती सूचना खात्यावर सर्वांत वर ठेवा. मैदानात तुमचा एक माणूस पोलिसांच्या नियंत्रण कक्षाशी सतत बोलत असू द्या. अनर्थाची पहिली खबर येताच वेळ लावून ठेवलेल्या जल्लोषाच्या पोस्ट थांबवा. नंतर जे ठाऊक आहे ते सांगा, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगा.

हे सगळे करताना वरून दबाव येईल, हे मला कळते. प्रायोजकांना घाई असते, मालकांना क्षण साधायचा असतो, आणि नोकरी तुमची असते. अशा वेळी नकार लेखी द्या, कारणासह द्या. संघ-मालकांनो, हे पत्र तुमच्याही हाती पडले असेल, तर असा नकार देणाऱ्याला अभय देणारा नियम पुढच्या हंगामाआधी करा. आम्ही शिक्षकांनीही परीक्षेत ‘पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचवाल’ याच्या आधी ‘किती जणांना सुखरूप घरी पाठवाल’ हा प्रश्न विचारायला हवा. माझ्या वर्गात तो यापुढे पहिला प्रश्न असेल.

तुमचा,
जनसंपर्क शिकवणारा एक प्राध्यापक