बाटली विसळली, पण घासली का?

आज शाळेतून आलात की दप्तरातली पाण्याची बाटली काढा, झाकण उघडा आणि नाक लावा. काय, नाक मुरडलंत ना?

माझी भाची चौथीत आहे. सकाळची शाळा. दुपारी घरी आली की डोकं दुखतं म्हणायची. ताईला वाटलं, चष्मा लागला की काय! डोळे तपासून झाले, ते ठणठणीत. मग एकदा मी तिचं दप्तर उचललं तर हे जड! बाटली सकाळी भरली तशीच्या तशी. विचारलं तर म्हणाली, "मावशी, पाण्याला घाण वास येतो गं. मी दोनच घोट पिते." सहा तासांत दोन घोट! डोकं दुखेल नाहीतर काय?

ताई म्हणाली, "अगं, मी रोज विसळते ती." विसळत होती, खरंच. पण विसळणं निराळं आणि घासणं निराळं.

पाणी कितीही स्वच्छ असलं तरी तोंड लावून पिताना आपल्या तोंडातले जंतू बाटलीत उतरतात. आत ओल असते, ऊब असते. ते भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. बोट फिरवलंत तर कळेल. असाच थर आपल्या दातांवरही बसतो. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १६८३ साली तो खरवडून भिंगाखाली पाहिला, तर त्यात चिमुकले जीव वळवळत होते! नुसती चूळ भरून दात स्वच्छ होत नाहीत. मग बाटली कशी होईल?

आमच्या आजीच्या तांब्यात आख्खा हात जायचा. चिंच लावून घासायची, पालथा घालायची. बाटलीचं तोंड अरुंद, सगळी अडचण तिथेच. म्हणून भांड्यांच्या दुकानातून लांब दांड्याचा ब्रश आणला. तो नसेल तर दोन चमचे तांदूळ, साबणाचं थोडं पाणी घाला आणि खळखळ हलवा. वास जात नसेल तर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवायचा. मात्र सोड्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालून झाकण घट्ट लावू नका हं! आत वायू तयार होतो, झाकण उडून डोळ्याला लागेल.

पण आमचा खरा चोर सापडला झाकणात. आतली रबरी चकती चमच्याच्या दांड्याने उचकटली, तर खाली काळे काळे ठिपके. बुरशी! भाची किंचाळलीच. तिचे बाबा बघायला आले आणि म्हणाले, "अरे, ही निघते?" त्यांच्या ऑफिसच्या बाटलीचं काय झालं असेल, ते मी सांगत नाही. नळीच्या बाटल्या मला मुळीच आवडत नाहीत. नळी घासायला वेगळा बारीक ब्रश लागतो, आणि ती काळी पडली की बदलावीच लागते.

केरळमधल्या काही शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. कल्पना छान आहे. पण घंटा झाली आणि बाटली उघडावीशीच वाटली नाही, तर?

भाचीची बाटली आता रिकामी होऊन येते. आल्या आल्या ती स्वतःच घासते, रात्रीपर्यंत थांबत नाही, कारण वाळायला वेळ हवा. बाटली पालथी, झाकण वेगळं, चकती वेगळी. ओली बाटली बंद करून ठेवली की बुरशीला घर मिळालंच. पावसाळ्यात रात्रभर ठेवूनही झाकणाच्या आट्यांत पाणी राहतं; तेव्हा स्वच्छ फडक्याचं टोक आत फिरवायचं आणि झाकण पंख्याखाली ठेवायचं.