यजमानपणाने मिळालेले आणि खेळून मिळवलेले

पुणे,
कार्तिक, शके १९४७

चिरंजीव भाचीस,


तुझे पत्र पावले. ज्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींनी फुटबॉलचे निशाण पिढ्यान्‌पिढ्या उचलून धरले, जिथे शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धे गाव तिकडे लोटते, त्याच गावात तुझ्या संघातली सर्वांत चपळ मुलगी दहावीचे वर्ष आले म्हणून घरच्यांनी मैदानावरून उठवून नेली, हे वाचून मन विषण्ण झाले. तिच्या वडिलांनी तुला केलेला प्रश्नही तू कळवला आहेस. आपल्या देशाच्या मुली घरच्या मैदानावर विश्वचषक खेळल्या, सोळा गोल खाऊन आल्या आणि एकही करू शकल्या नाहीत. मग या खेळात मुलींसाठी आहे तरी काय, असे ते म्हणाले. त्यांचा रोष मी समजू शकतो. परंतु त्यांनी सांगितलेला आकडा खरा असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही, आणि तो का नाही हे मला जरा विस्ताराने लिहावेसे वाटते.

आकडा प्रथम निःसंकोच कबूल करू. ऑक्टोबर २०२२ मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारताने तीन सामने खेळले : ११ तारखेला अमेरिकेने ८–०, १४ तारखेला मोरोक्कोने ३–० आणि १७ तारखेला ब्राझीलने ५–० असा आपला पराभव केला. गटात तळाचे स्थान मिळाले. यातील एकही अक्षर पुसण्याची माझी इच्छा नाही. परंतु एखाद्या संघाच्या दप्तरात पराभवाची नोंद वाचताना तो संघ त्या मैदानापर्यंत कोणत्या वाटेने येऊन पोचला हेही वाचले पाहिजे, नाहीतर ती नोंद अर्धीच राहते.

ही स्पर्धा २००८ साली न्यूझीलंडमध्ये प्रथम भरली आणि पहिले विजेतेपद उत्तर कोरियाने अमेरिकेला हरवून मिळवले. पुढे दर दोन वर्षांनी दक्षिण कोरिया, फ्रान्स, जपान, पुन्हा उत्तर कोरिया आणि मग स्पेन असे विजेते झाले. यांपैकी पुष्कळ देश आपल्याच खंडातले आहेत, ही गोष्ट त्या वडिलांना आवर्जून सांग. कारण फुटबॉल हा युरोपच्या धिप्पाड मुलींचा खेळ आहे, आपल्या अंगलोटीला तो झेपत नाही, असा जो एक समज आपल्याकडे रुजला आहे त्याला या यादीइतके सणसणीत उत्तर दुसरे नाही. आपल्याला २०२२ चा प्रवेश मिळाला तो मात्र पात्रता फेरीतून नव्हे. यजमान देशाला प्रवेश आपोआप मिळतो, त्या शिरस्त्याने तो मिळाला. मार्च २०१९ मध्ये यजमानपद आपल्या पदरी पडले, तेव्हा देशातील महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू होऊन दोन-तीनच हंगाम झाले होते, आणि किशोरवयीन मुलींना वर्षभर नियमाने सामने मिळतील अशी तजवीज तर जवळजवळ कोठेच नव्हती.

इथे एक गोष्ट मला फार जाचते, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. विश्वचषक मुळात २०२० साली व्हायचा होता. त्यासाठी १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. त्या मुलींचा संघ निवडला गेला, स्वीडनचे टॉमस डेनर्बी प्रशिक्षक म्हणून नेमले गेले आणि शिबिरे भरली. मग महामारी आली. स्पर्धा आधी २०२१ पर्यंत तहकूब झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रद्दच झाली. यजमानपद आपल्याकडे राहिले, पण ते २०२२ च्या स्पर्धेचे, आणि २०२२ ला पात्रतेची जन्मतारीख १ जानेवारी २००५ झाली. म्हणजे घरदार सोडून शिबिरात राहिलेल्या, रोज पहाटे धावलेल्या त्या पहिल्या तुकडीला विश्वचषकाचे गवतही पायाला लागले नाही. प्रौढांच्या संघात एक स्पर्धा हुकली तर खेळाडू पुढच्या स्पर्धेची वाट पाहू शकतो; कुमारवयात तशी मुभा नसते, मुदत टळली की टळली. त्या मुलींच्या नावावर ना विजय आहे ना पराभव, आणि मला तर हा सोळा गोलांहून मोठा तोटा वाटतो.

दुसरी तुकडी उभी राहिली तिच्याही वाट्याला शांतता आली नाही. भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती, निवडणूक होत नव्हती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार पाहण्यासाठी प्रशासकांची समिती नेमली आणि ऑगस्टच्या मध्यावर फिफाने तिऱ्हाइताच्या अवाजवी हस्तक्षेपाचे कारण देऊन महासंघालाच निलंबित केले. विश्वचषकाला दोन महिनेही उरले नव्हते. गोकुळम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलासुद्धा होता. त्याला न खेळता परतावे लागले. समिती बरखास्त झाली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठले, म्हणून स्पर्धा वाचली. त्याआधी उन्हाळ्यात संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना गैरवर्तनाच्या आरोपावरून एका साहाय्यक प्रशिक्षकाला परत बोलावून बडतर्फ करण्याचा प्रसंगही ओढवला होता. हे तुला मुद्दाम लिहितो. मुलीच्या वडिलांनी सोळा गोलांबद्दल विचारण्यापेक्षा, माझी मुलगी परगावी खेळायला जाईल तेव्हा तिच्यासोबत कोण असेल, ती कोणाच्या भरवशावर राहील, असे विचारले असते तर तो प्रश्न मी शंभर टक्के रास्त मानला असता. आणि ते विचारोत न विचारोत, त्याचे उत्तर तू तयार ठेवले पाहिजेस.

असा हा संघ मैदानात उतरला. त्याची कर्णधार अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. ती कर्णधार झाल्यावर तिच्या गावाकडे रस्ता करण्याचे काम निघाले आणि त्या कामावर तिचे आईवडीलच मजुरी करीत होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. झारखंडच्या आणखी कितीतरी मुली त्या चमूत होत्या, मणिपूरच्या होत्या, आणि आपल्या पुण्याची काजोल डिसूझाही होती. अमेरिकेविरुद्धचा सामना मध्यंतरापूर्वीच हातचा गेला होता. त्याबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. पण तीन दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध याच मुलींनी पूर्वार्धात एकही गोल होऊ दिला नाही. मध्यंतराला फलक ०–० असा होता. बचावफळी एकमेकींना हाका मारीत जागा भरून काढीत होती, अंगावर येणारा चेंडू टाळण्याऐवजी त्याला सामोरी जात होती, आणि आदल्या सामन्यात आठ गोल खाल्लेला संघ हाच का, असा प्रश्न पडावा इतका फरक दिसत होता. उत्तरार्धात प्रथम पेनल्टीवर गोल झाला, मग पायांतले बळ सरले. मोरोक्कोही तेव्हा या स्पर्धेत प्रथमच उतरला होता आणि आपल्यावरचा विजय हा त्याचा या विश्वचषकातील पहिलाच विजय होता. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे बरोबरीने खेळता येणे आणि नव्वद मिनिटे खेळता येणे यांतील अंतर प्रतिभेचे नसते, वर्षाकाठी किती खरे सामने खेळले याचे असते, असे मी त्या दिवशी ठरवले आणि आजही माझे तेच मत आहे.

त्या स्पर्धेचे पुढचे टप्पे आपल्याच मुलखात झाले. दोन्ही उपांत्य सामने मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर, आणि अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नव्या मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मी तो प्रत्यक्ष पाहिला. स्पेनविरुद्ध कोलंबिया, शेवटची दहाएक मिनिटे उरली असताना कोलंबियाच्या बचावपटूकडून स्वयंगोल झाला आणि तेवढ्या एका गोलावर स्पेनने विजेतेपद राखले. कोलंबियाची लिंडा कैसेदो त्याच वर्षी आपल्या देशाच्या प्रौढ संघातून कोपा अमेरिकाचा अंतिम सामना खेळून आली होती. आता तूच विचार कर. एकीकडे सतराव्या वर्षी खंडाच्या अंतिम सामन्याचा अनुभव गाठीशी असलेली मुलगी, आणि दुसरीकडे जिच्या जिल्ह्यात मुलींच्या दोन संघांत महिन्याकाठी एक सामना जमवणेही दुरापास्त अशी मुलगी. या दोघींना एकाच गवतावर उभे करून आपण गोल मोजत बसलो. आणि आपल्यावर तेरा गोल करणारे अमेरिका व ब्राझील हे दोन्ही संघ उपांत्यपूर्व फेरीतच, नायजेरिया आणि जर्मनी यांच्याकडून, पराभूत होऊन परतले, ही गोष्टही ध्यानात असू दे.

हा संघ नेहमी हरतच आला आहे, अशी कोणाची समजूत असेल तर तीही दूर केली पाहिजे. दक्षिण आशियाई स्पर्धेच्या पंधरा वर्षांखालील गटात डिसेंबर २०१७ मध्ये ढाक्याला बांगलादेशाने अंतिम सामन्यात आपल्याला १–० असे हरवले. पुढच्याच वर्षी थिंफूला आपण त्याच फरकाने ती परतफेड केली आणि २०१९ मध्ये तेथेच पेनल्टी शूटआऊटवर पुन्हा विजेतेपद मिळवले. बांगलादेशाच्या मुली आणि आपल्या मुली यांच्यामधली ही चुरस मला फार मोलाची वाटते, कारण दोघी एकमेकींना दरवर्षी भेटतात, एकमेकींचे डाव ओळखतात, आणि अशा सख्ख्या स्पर्धेतूनच खेळाडू घडतो. यंदाच्या ऑगस्टमध्ये थिंफूला सतरा वर्षांखालील गटात आपण अजिंक्य ठरलो तेव्हाही अखेरचा सामना बांगलादेशाने ४–३ असा जिंकलाच होता.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो. यंदा १७ ऑक्टोबरला किर्गिझस्तानात, बिश्केक येथे, भारताचा सतरा वर्षांखालील मुलींचा संघ आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानशी खेळला. यजमान किर्गिझस्तानला आपण आधी २–१ असे हरवले होते. उझबेकिस्तानने पूर्वार्धात गोल करून आघाडी घेतली. मध्यंतरापूर्वीच प्रशिक्षक योआकिम अलेक्झांडरसन यांनी थांदामोनी बास्की हिला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवले. उत्तरार्धात दहा मिनिटे होतात न होतात तोच तिने बरोबरी साधली आणि पुढे थोड्याच वेळात झारखंडच्या अनुष्का कुमारीने दुसरा गोल केला. सामना २–१. या आशियाई चषकात भारत यापूर्वी खेळला होता तो २००५ साली, आणि पात्रता फेरी जिंकून प्रवेश मिळवण्याची ही तर पहिलीच वेळ. ब्राझीलने आपल्यावर पाच गोल केले त्या दिवसाला त्याच तारखेस बरोबर तीन वर्षे पूर्ण झाली होती. याच वर्षी प्रौढ महिलांच्या संघाने थायलंडला हरवून आणि वीस वर्षांखालील संघाने म्यानमारला हरवून आपापल्या आशियाई चषकात अशाच रीतीने जागा मिळवली आहे.

आतिथ्याचा मान म्हणून मिळालेला विश्वचषक आणि बिश्केकला खेळून मिळवलेला आशियाई चषक या दोहोंत मी दुसऱ्याला कितीतरी वरचे स्थान देतो. २०२२ च्या मुलींच्या धैर्याला त्याने बाध येत नाही. उलट, तयारी नसताना आपण त्यांना जगापुढे उभे केले आणि त्यांनी मैदान सोडले नाही, याचे श्रेय त्यांचे आहे आणि दोष थोरांचा. परंतु १९७५ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, १९८० मध्ये कालिकतला आणि १९८३ मध्ये बँकॉकला आपल्या स्त्रिया आशियात उपविजेत्या ठरल्या, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे त्या वैभवाची कोणी निगा राखली नाही, हा आपला अनुभव आहे. बिश्केकच्या विजयाचेही तसेच होऊ शकते. तो टिकायचा असेल तर दिल्लीच्या हुकमाने टिकणार नाही. तुझ्यासारखी माणसे आपल्या तालुक्यात मुलींना आठवड्याला एक खरा सामना, घड्याळ लावून, पंच नेमून, खेळायला लावतील तरच टिकेल.

म्हणून त्या वडिलांकडे जा. जाताना शाळेतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना सोबत घे. सोळा गोलांचा सगळा हिशेब, मी लिहिला आहे तसा, त्यांच्यापुढे मांड, आणि बिश्केकचाही मांड. परगावी जाताना मुलींसोबत कोण असते, त्या कोठे राहतात, हे त्यांनी न विचारता आपण होऊन सांग. अभ्यासाचे दिवस त्यांचेच राहू देत. तू फक्त शनिवार-रविवारची संध्याकाळ माग. दहावीची परीक्षा मार्चपर्यंत आटोपेल. आशियाई चषक पुढील मे महिन्यात चीनमध्ये आहे आणि त्यातील पहिले चार संघ मोरोक्कोतील विश्वचषकाला जाणार आहेत. तोवर ती मुलगी तुझ्या संघात परत आलेली असली पाहिजे. मुलींच्या बुटांची आणि दोन चेंडूंची रक्कम मनिऑर्डरने पाठवत आहे, पावती मिळाली की कळव.

तुझा,
मामा