पुन्हा तीच गाणी

आज पुन्हा 'आपाटू'! रोझे आणि ब्रुनो मार्सचं २०२४चं गाणं. आपाटू म्हणजे अपार्टमेंट, मूळ कोरियातला पिण्याच्या बैठकीतला खेळ: हातांवर हात रचायचे, आकडा पुकारायचा, खालून एकेक हात काढत मजले मोजायचे; त्या मजल्यावर ज्याचा हात, त्याने प्यायचं. मी चहावर भागवते.

योआसोबीचं 'आयडॉल' (२०२३) मात्र दमवतं. गायिका इकुरा श्वास घेते तरी कुठे? 'ओशी नो को' या ॲनिमे मालिकेचं शीर्षकगीत; चाहत्यांच्या आरोळ्यांत हसऱ्या चेहऱ्यामागचं खोटं लपवलेलं. जपानीतही क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, म्हणून अर्थ कळायच्या आधीच वाक्य संपल्याचं कानाला कळतं.

न्यूजीन्सचं 'डिट्टो' आज टाळलं. ते लावलं की २०२२चा डिसेंबर येऊन उशाशी बसतो.