दहा गुंठे कोळसा

१. सक्रिय कोळसा, एक ग्रॅम. आतल्या बारीक भोकांच्या सगळ्या भिंती मोजल्या तर पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे दहा गुंठे. चार ग्रॅमला एकर. सातबारा मात्र निघत नाही.

२. चुलीतला कोळसा तो नव्हे. त्याला आठशे-नऊशे अंशांवर वाफ द्यावी लागते, तेव्हा भोकं पडतात. आजी चुलीतल्यावरच दात घासायची.

३. स्पंज पाणी अंगात मुरवतो, ते शोषण. कोळशाच्या भिंतीला रेणू नुसते चिकटतात, ते अधिशोषण. पेपरात पहिलाच शब्द येतो, तोही शेतकऱ्याच्या मागे.

४. उसाचा रस मळकट हिरवा. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी चुना आणि गंधकाच्या धुरानं साफ करतात. विलायतेत हे काम हाडांच्या कोळशाकडे होतं. १९०५च्या स्वदेशीत परदेशी साखर बाटली ती त्यामुळे.

५. कोळशाची ताकद मोजायची एक परीक्षा: मळीच्या पाण्याचा रंग किती ओढतो? मळी इकडे रग्गड. उसाच्या चिपाडापासून सक्रिय कोळसाही होतो. पण साखर कारखाना माळेगावचा असो, सोमेश्वर असो की भवानीनगर, चिपाड जातं बॉयलरला.

६. आरओमध्ये पडद्याच्या आधी कोळसा. क्लोरीन तो अडवतो, नाहीतर पडदा खराब. क्षाराला हात लावत नाही. निरा डावा कालवा १८८५चा; त्याच्याखाली कितीतरी रानं क्षारपड झाली. तिथल्या विहिरीत कोळशाचं पोतं ओतलं तरी टीडीएस तेवढाच.

७. इंदापूरच्या अलीकडे, हॉटेलात.
"फिल्टरचा कोळसा कधी बदलला?"
"पाणी येतंय की."

८. रिवाइंडिंगच्या दुकानात बोअरची मोटार उघडलेली. तळाशी काळी चकती, आरशासारखी गुळगुळीत: थ्रस्ट बेअरिंगचा कार्बन. वरचा सगळा दाब हिच्यावर, वंगण म्हणजे आतलं पाणी. मिस्त्रीनं एका ओरखड्यावरून नख फिरवलं. "आत वाळू गेलीय, आबा." आबांनी आधी किंमत विचारली.

९. ग्राफाइटही कार्बनच. थरावर थर, एकमेकांवरून घसरणारे. कुलूप अडलं तर पेन्सिलीचं टोक किल्लीवर घासावं. पाण्याचा रंग काढायला ते फारसं कामाचं नाही, भोकंच नाहीत.

१०. विषबाधा झालेल्याला डॉक्टर कधीकधी सक्रिय कोळसा पाजतात. तासाभरात पोचला तर बरं. दारूला तो जवळजवळ धरतच नाही.

११. भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, चोची खाली घालून चिखल गाळताहेत. पुण्याचं सांडपाणी भीमेतून इथवर येतं. आमच्या होडीत वीस लिटरचा जार, बूच घट्ट.